दर शुक्रवारी येणारा शाळेचा कागद आणि शनिवार-रविवारची रणधुमाळी

शेवंती

लेक दुसरीत आहे. शाळा चर्चची, बार्देशातली, इगर्जीच्या (चर्चच्या) आवारातच. नाव देत नाही, कारण गोव्यातल्या अशा कुठल्याही शाळेच्या पालकांना हे आपलंच वाटेल. माध्यम इंग्रजी. एक विषय कोंकणी, देवनागरीत. घरात मराठी, वाड्यावर कोंकणी, आणि बालरथात (शाळेच्या बसमध्ये) पोरं कुठल्या भाषेत भांडतात ते देवच जाणे.

दर शुक्रवारी दुपारी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टीचर एक पानाचा कागद टाकतात. या आठवड्यात काय झालं आणि पुढच्या आठवड्यात काय येणार, एवढंच असतं त्यात. परवाचा नमुना सांगते. इंग्रजीत एक छोटा उतारा, 'श' आणि 'च' आवाजाचे शब्द, सोमवारी दहा शब्दांचं डिक्टेशन. गणितात दोन अंकी बेरीज, हातच्याची. ईव्हीएसमध्ये (परिसर अभ्यासात) 'आपलं अन्न': भात, शेत, शेतकरी. कोंकणीत उकार. व्हॅल्यू एज्युकेशनला बायबलातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. महिन्याचा पहिला शुक्रवार असल्यामुळे शाळेत मीस (चर्चची सामूहिक प्रार्थना) होती, म्हणून तास आखूड. सोमवारी येताना मूठभर उकडे तांदूळ, आणि मिळालं तर भाताचं कणीस.

कागद मला आवडतो. स्वच्छ, नेमका. पण तो आला की गटावर जे सुरू होतं ते बघवत नाही. "टीचर, डिक्टेशनचे शब्द परत टाका." "पान नंबर चोवीसचा फोटो कुणीतरी द्या." एका आईने तर शनिवारी सकाळी पुढच्या आठवड्याचा धडा मुलाकडून पाठ करून घेतल्याचा व्हिडिओ टाकला, त्याखाली अंगठ्यांची रांग. मुलं दुसरीतली आहेत हो! अर्ध्याअधिक वर्गाला शिकवणी आहे.

आमच्या घरी मतभेद वेगळेच. नवऱ्याचं म्हणणं, रोज संध्याकाळी एक तास घरात फक्त इंग्रजी बोलू, म्हणजे शाळेतलं पक्कं होईल. मला ते पटत नाही. मी तो कागद वाचते, बाजूला ठेवते आणि स्वयंपाक करताना लेकाला मराठीतच बोलतं करते. गेल्या आठवड्यात ३८ आणि २७ ची बेरीज त्याने ५१५ लिहिली होती. 'कॅरी वन' त्याला पाठ होतं, पण तो एक कुठून आला आणि कुठे गेला याचा पत्ता नव्हता. मग जुन्या केरसुणीचे हीर काढले (नव्या केरसुणीचे काढले असते तर सासूबाईंनी मलाच काढलं असतं), दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधल्या. तीन जुड्या आणि आठ सुटे, दोन जुड्या आणि सात सुटे. सुटे एकत्र केल्यावर पंधरा झाले, त्यातल्या दहांची त्याने स्वतःहून जुडी बांधली आणि म्हणाला, "अगं, हा तोच कॅरी!" हे सगळं मराठीत झालं. सोमवारी वहीत इंग्रजीत बरोबर आलं.

तर अनुभवी लोकांना विचारायचं आहे. दुसरीला शिकवणी लावावी का? घरी मराठीत समजावल्याने मुलाचा गोंधळ होतो का? आणि सासूबाईंची एक शंका: आमचा मुलगा हिंदू, त्याला दोतोर्न (ख्रिस्ती धर्मशिक्षण) शिकवतात का? मी विचारलं तर शाळेला राग येईल असं त्यांना वाटतं.


रापणकार

शिकवणी? दुसरीला? त्या पैशांचे बांगडे आणा आणि पोराला मोजायला लावा. दहाची जुडी सुद्धा बांधता येईल.


खडूफळा

शेवंतीताई, मी सासष्टीतल्या अशाच एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, त्यामुळे कागद टाकणाऱ्या बाजूने बोलते.

हा कागद घरचा अभ्यास म्हणून आम्ही देत नाही. तो देतो कारण पालक रोज फाटकापाशी गाठून विचारायचे, "टीचर, आज काय झालं?" आणि कॅलेंडरमध्ये (आमच्याकडे शाळेच्या डायरीला कॅलेंडरच म्हणतात) रोज प्रत्येकाला लिहून देणं शक्य नसतं. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीला गृहपाठच नको असं लिहिलंय. तिसरी ते पाचवीला सगळ्या आठवड्यात मिळून दोन तास. दुसरीचं दप्तर तर जास्तीत जास्त २.२ किलोचं. पण आम्ही गृहपाठ दिला नाही की पालक म्हणतात शाळा ढिली पडली.

आठवडा कसा जातो ते सांगते. सोमवारी नवी गोष्ट, तीही वस्तू हातात देऊन. तांदूळ, कणीस, चिंचोके मागवतो ते त्यासाठी. मंगळवार-बुधवार सराव. गुरुवारी मी वर्ग दोन भागांत बसवते. ज्यांना जमलंय ते चित्र किंवा वाचन करतात आणि ज्यांचं अडलंय ते माझ्यापाशी खाली चटईवर. माझ्या मते खरी शिकवणी ती गुरुवारची. शुक्रवारी छोटी तपासणी आणि मग कागद. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये एकही आठवडा पूर्ण मिळत नाही. पावसाची सुट्टी, पंधरा ऑगस्टची परेड, गावचं फेस्त (चर्चचा सण), मग चवथ (गणेशचतुर्थी). बेरीज तीन आठवडे चालते आणि कागदावर मात्र एकाच आठवड्याची वाटते.

डिक्टेशनचं गुपित फोडते. दहा शब्द आधी दिले की मुलं क्रमासकट पाठ करतात. म्हणून मी क्रम बदलते, आणि शेवटी न दिलेले दोन शब्द घालते. 'शॉप', 'फिश' दिले असतील तर 'शिप' घालते. ज्याला आवाज कळलाय तो न शिकवलेलं 'शिप' बरोबर लिहितो. दहापैकी दहा मिळवून 'शिप' चुकणाऱ्या मुलाची मला जास्त काळजी वाटते, आणि त्याच्याच घरून गटावर अंगठे येतात.

मराठीत समजावल्याने गोंधळ होत नाही. माझ्या वर्गात कोंकणी, मराठी, कन्नड, हिंदी घरची मुलं आहेत. ज्यांच्या घरात कुठल्यातरी एका भाषेत भरपूर बोलणं होतं ती पुढे जातात. अडतात ती, ज्यांच्याशी घरी मोडक्या इंग्रजीत फक्त हुकूम सोडले जातात: 'कम', 'ईट', 'राइट'. तुमच्या नवऱ्यांना सांगा, तासभर इंग्रजी बोलायची हौस असेल तर गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवा. तेवढं पुरे.

दोतोर्नविषयी: आमच्याकडे त्या तासाला कॅथलिक मुलं एका वर्गात जातात, बाकीच्यांना व्हॅल्यू एज्युकेशन. सकाळची प्रार्थना सगळ्यांची एकत्र. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेत धार्मिक शिक्षणाला बसण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, आणि मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. बिनधास्त विचारा. राग कसला येतोय, हा प्रश्न आम्हाला दर जूनमध्ये येतो.


माटोळी

'आपलं अन्न'वरून आठवलं. मुलगी तिसवाडीतल्या चर्चच्या शाळेत होती तेव्हा तिच्या टीचरने भाताचा आठवडा असा बांधला होता की मी अजून विसरलेलो नाही. ऑगस्टमध्ये कणसांच्या फेस्ताला पाद्री शेतात जाऊन नव्या भाताची कणसं आशीर्वाद देऊन कापतात, मग ती इगर्जीत नेतात. रायच्या गावात ५ ऑगस्टला, ताळगावात २१ ला, प्रत्येक गावाचा आपला दिवस. आणि आमच्याकडे चवथीच्या दिवसांत नवं करतात. भाताची कणसं घरात आणून पुजायची आणि दाराला बांधायची. टीचरने दोन्ही घरच्या मुलांना आपापल्या आजीकडून माहिती काढून आणायला सांगितलं. सोमवारी वर्गात एक पोरगी फेस्ताचं कणीस घेऊन आली. आमची चवथीनंतर दारावरचं घेऊन गेली. शेजारी ठेवल्यावर मुलांना कळलं की शेत एकच, कधीकधी कूळही एकच.

चवथीनंतरच्या आठवड्यात 'आपल्या भोवतीच्या वनस्पती' हा धडा. त्यात पुस्तकात गुलाब आणि सूर्यफूल. टीचरने विचारलं, कुणाकुणाच्या घरी माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली रानफळांची चौकट) होती? आंबाडे, कवंडळ, कांगल्या, सुपारीचा घोस, नारळाची पेंड (घड), सगळी नावं मुलांनी फळ्यावर सांगितली. कॅथलिक मुलांनी त्यातली निम्मी ओळखली, कारण रान सगळ्यांचंच. मुलीने घरी येऊन मला विचारलं, "बाबा, कवंडळ खातात का?" मला सांगता येईना, आईला फोन केला. (खात नाहीत, कडू जहर.)

सांगायचा मुद्दा, कागदावर 'प्लांट्स अराउंड अस' एवढंच होतं. वर्गात काय झालं ते कागदावरून कळलंच नसतं.


तिखटजाळ

माफ करा, पण या सगळ्या गोड गोष्टीत मूळ प्रश्न राहून जातोय. मराठी घरातलं मूल, घरी मराठीत समजावल्यावर गणित कळतं असं आईच सांगते. मग त्याला इंग्रजी शाळेत घातलं कशाला? पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गोवा मुक्तीनंतर गावोगाव मराठी शाळा उघडल्या त्या काय कुलूप लावायला? २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही म्हणतं की शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा. १९९० साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना सरकारने ठरवलं होतं की प्राथमिकला अनुदान फक्त कोंकणी-मराठीला. २०११ मध्ये कामत सरकारने ते इंग्रजीला खुलं केलं, २०१२ नंतर पर्रीकरांनीही अल्पसंख्याक संस्थांसाठी ते चालूच ठेवलं. याला विरोध करणाऱ्या भारतीय भाषा सुरक्षा मंचाने बोंबलून सांगितलं, ऐकलं कुणी? आता हीर मोजत बसा.


शेवंती

तिखटजाळ, जवळच्या सरकारी मराठी शाळेत मी आधी गेले होते. चारही इयत्ता एका खोलीत, शिक्षिका एकच, आणि त्या बाई गुणी असूनही निम्मा वेळ कागद भरण्यात जाणार हे त्यांनीच सांगितलं. मी नोकरी करते, मुलाला दूरच्या शाळेत पोचवायला कुणी नाही. तत्त्वाने बरोबर असाल. माझ्या सकाळचं गणित वेगळं आहे.


रापणकार

माध्यमाचा धागा याआधी तीनदा निघालाय आणि तिन्ही वेळा कुलूप लागलंय. इथे आठवड्याबद्दल बोला.


इगर्जीची_घांट

मी कॅथलिक, मराठी वाचतो, लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या.

तिखटजाळ बाबांनी १९९० काढलं म्हणून सांगतो. मी त्याच वेळचा. आमच्या दियोसेझच्या (चर्चच्या धर्मप्रांताच्या) प्राथमिक शाळा तेव्हा इंग्रजीतून कोंकणीत गेल्या, देवनागरी लिपीत. पहिली ते चौथी सगळे विषय कोंकणीत, आणि पाचवीत गेलो की सगळं इंग्रजीत. लोक म्हणायचे पोरं बुडाली. माझं काय झालं ते सांगतो.

माझ्या माईला देवनागरी येत नव्हती. ती इगर्जीतलं प्रार्थनेचं पुस्तक वाचायची ते रोमी (रोमन) लिपीत. म्हणजे घरात सगळे कोंकणी बोलणारे आणि माझं कोंकणीचं पुस्तक घरात मला एकट्यालाच वाचता येणारं! मग रोज रोजरी झाली की ती मला सांगायची, "वाच रे." मी धडा मोठ्याने वाचायचा, ती कापड शिवता शिवता ऐकायची आणि मध्येच थांबवायची: "हें कशें? सांग म्हाका." खरंच तिला माहीत नव्हतं की माझी परीक्षा घेत होती, अजून कळलेलं नाही. पण मला सांगावं लागायचं. भागाकार मी माईला समजावताना शिकलो, टीचरकडून नाही.

पाचवीत पहिले दोन-तीन महिने वाईट गेले, खोटं कशाला बोलू. सायन्सच्या तासाला टीचर काय म्हणतो ते ढिम्म कळायचं नाही. पण गणितात अडलं नाही, कारण तिथे काय करायचं ते माहीत होतं, फक्त नावं नवी. ज्यांनी चौथीपर्यंत नुसतं पाठ केलेलं ते कोंकणीतही अडले आणि इंग्रजीतही.

आता माझी मुलगी इंग्रजीत शिकते. शुक्रवारी आमच्याकडे पण कागद येतो. मी तो फ्रिजवर लावतो आणि मुलीला सांगतो, हें माईक (माईला) सांग. माई आता म्हातारी, ऐकायला कमी येतं, त्यामुळे पोरीला दोनदा आणि मोठ्याने सांगावं लागतं. त्याहून चांगली उजळणी नाही. शेवंती बाय, तुम्ही करता तेंच बरोबर. देव बरें करूं.


तिखटजाळ

हे पटलं. माईंना नमस्कार सांगा.


निवृत्त_मास्तर

पेडण्यात मराठी शाळेत नोकरी केली, आता नातवंडं चर्चच्या शाळेत. दोन गोष्टी.

पहिली: कोंकणीच्या तासामुळे मुलाला देवनागरी आयती मिळते, तिचा फायदा घ्या. कोंकणीत उकार झाला त्याच आठवड्यात घरी मराठी गोष्टीतले उकाराचे शब्द शोधायला लावा. वेगळा मराठीचा अभ्यास नको. रात्री पंधरा मिनिटं वाचून दाखवा, बोट शब्दाखाली ठेवून. फक्त शाळेच्या वहीत कोंकणी शब्द मराठी वळणाने लिहू देऊ नका, टीचरची तक्रार येते. माझ्या नातवाची आली.

दुसरी: या शाळांकडे जे जुनं सोनं आहे त्याबद्दल कुणी बोलत नाही, ते म्हणजे गाणं. पोर्तुगीज काळात इगर्जीच्या शाळेत पोरांना अक्षरांआधी सोल्फा (डो-रे-मी स्वर) यायचा, व्हायोलिन धरता यायचं. मुंबईच्या सिनेमा-ऑर्केस्ट्रात जे गोंयकार वादक भरले होते त्यातल्या कित्येकांचा पाया या गावच्या शाळांत आणि इगर्जीच्या कॉयरमध्ये. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच, वडील इगर्जीत कॉयर-मास्टर. आजच्या शुक्रवारच्या कागदावर संगीत असतं का? आमच्या कागदावर 'सिंगिंग: ॲक्शन साँग' एवढंच येतं. पालकांनी डिक्टेशनचे शब्द मागण्याऐवजी हे मागावं.


काजूबी

मास्तर, मागून बघितलं. उत्तर आलं, "पोर्शन मागे पडतो." दुसरीचा पोर्शन!


खोबरेल

नवीन सदस्य आहे, प्रश्न विचारू का? मुलगी दुसरीत, अशाच शाळेत. गटावर बाकीची मुलं फटाफट वाचतात असे व्हिडिओ येतात. आमची अडखळते. कागदात 'रीड विथ फ्लुएन्सी' लिहिलेलं बघून पोटात गोळा येतो. शिकवणी नको म्हणताय, मग करायचं काय?


खडूफळा

खोबरेल, आधी बघा अडखळते कुठे. उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तिला मराठीत किंवा घरी जी भाषा असेल तीत सांगायला लावा. सांगता आलं तर अर्थ कळतोय, फक्त अक्षरांची जोडणी मंद आहे. ती सरावाने येते, आणि सराव म्हणजे तोच उतारा तीन दिवस, रोज नवा नाही. तुम्ही वाचून दाखवूनही सांगता आलं नाही, तर तिला ते इंग्रजीच कळत नाहीये. तिथे अक्षरं घोकून उपयोग नाही, आधी चित्र दाखवून गोष्ट घरच्या भाषेत सांगा, मग इंग्रजीत.

उलटंही होतं बरं. माझ्याकडे एक मुलगा घडाघडा वाचायचा, सगळे खूश. विचारलं, मासा कुठे गेला? तर परत पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. व्हिडिओत तो पहिला आला असता.

केंद्राचं 'निपुण भारत' अभियान २०२१ मध्ये सुरू झालं, त्यातही अर्थ समजून वाचणं आणि साधं गणित हे तिसरीच्या शेवटापर्यंत यावं असं म्हटलंय. तुमची मुलगी दुसरीच्या ऑगस्टमध्ये आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतरही ओळ सुटत असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील तर टीचरशी गटावर नाही, एकटीने बोला. डोळे आणि कान एकदा तपासून घ्या. मागच्या बाकावरच्या दोन मुलांना मी 'लक्ष देत नाहीत' समजून पुढे बसवलं, तेव्हा कळलं की फळाच दिसत नव्हता.

आणि सगळ्यांनाच: "आज काय शिकवलं?" असं विचारू नका, उत्तर येतं "काही नाही." विचारा, "आज कुणाचं उत्तर चुकलं? का चुकलं?" दुसऱ्याची चूक सांगायला मुलं लगेच तयार असतात, आणि ती समजावताना त्यांना स्वतःला किती कळलंय ते उघडं पडतं.


काजूबी

हा प्रश्न आज लावून बघितला. उत्तर: "टीचरचं चुकलं, तिने अठरा लिहिलं आणि पुसलं." पंधरा मिनिटं अठरा कसे नव्हते यावर व्याख्यान ऐकलं.


माटोळी

व्हॅल्यू एज्युकेशनबद्दल कुणी फार बोललं नाही. शोमरोन्याची गोष्ट माझ्या मुलीला अजून आठवते. वाटेत मार खाऊन पडलेल्या माणसाजवळून त्याचे स्वतःचे मानाचे लोक निघून जातात आणि ज्याला परका, हलका समजायचे तो थांबतो. टीचरने शेवटी विचारलं होतं, आपल्या बालरथात असं कुणी आहे का, ज्याच्या शेजारी कुणी बसत नाही? मुलीने घरी येऊन नाव सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी जागा बदलली. जानेवारीत संत जुझे व्हाजांचं फेस्त (१६ तारीख) आलं की बाणावलीचा तो माणूस श्रीलंकेत जाऊन रोग्यांची सेवा कशी करत होता ते सांगतात. २०१५ मध्ये ते संत झाले तेव्हा शाळेत महिनाभर तेच. माझ्या आईला यात काही धर्मांतर वगैरे दिसलं नाही, उलट ती म्हणाली, आमच्या कीर्तनात हेच असतं.


तिखटजाळ

तरी विचारून घ्यावं. खडूफळाबाईंनी कलम सांगितलंय ते प्रत्येक पालकाला माहीत असावं, मग शाळा कुणाचीही असो.


माटोळी

त्याला माझी हरकत नाहीच.


शेवंती

सगळ्यांचे आभार. शिकवणीचा विषय घरात संपला. शाळेत विचारलं. खडूफळाताईंनी सांगितलं तसंच आहे, सासूबाईंना दोन्ही तासांचं वेळापत्रक दाखवलं. नवऱ्याला 'फक्त इंग्रजी'ऐवजी रात्रीच्या गोष्टीचं काम दिलंय. तो वाचतो इंग्रजीत, लेक मध्येच थांबवून मराठीत प्रश्न विचारतो, आणि बाबांना उत्तर मराठीतच द्यावं लागतं. गटावर मी लिहिलं की पुढच्या आठवड्याचे शब्द आधी मागू नका, टीचर क्रम बदलणारच आहेत. दोन अंगठे आले, एक आई गट सोडून गेली, दुपारी परत आली.

कागदावर पुढे 'मेजरमेंट' येतंय. वजन, लांबी. त्यासाठी घरात काय वापरता?


रापणकार

बांगडे.


निवृत्त_मास्तर

लांबीला वीत, हात, पाऊल. आधी मुलाच्या विताने टेबल मोजा, मग बाबांच्या. उत्तर वेगळं आलं की पट्टी कशाला हवी ते सांगावं लागत नाही. वजनाला तराजू नसेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेऊन जा, एक किलो कांदे आणि एक किलो पालेभाजी दोन्ही हातांत धरायला द्या.


तिखटजाळ

आणि शेवंतीताई, पाचवीला मराठी घेता येते का ते आत्ताच विचारून ठेवा. सगळ्याच शाळांत तो पर्याय नसतो. काही ठिकाणी मुलं कमी म्हणून शिक्षकच नेमत नाहीत. दहा-पंधरा पालकांनी चौथीतच मिळून लेखी मागणी केली तर शाळेला विचार करावा लागतो. पाचवीच्या जूनमध्ये गेलात तर उशीर झालेला असतो.


शेवंती

हे माहीत नव्हतं. गटावर मराठी घरं किती आहेत ते बघते आधी.